नोकरी सोडून वर्षाच्या मध्येच स्वतःचा व्यवसाय सुरू केला, तर ब्रिटनमध्ये करमुक्त रक्कम कशी धरतात?

फराळवाली_लेस्टर

सर्वांना नमस्कार.

मी लेस्टरमध्ये एका गोदामाच्या कार्यालयात नोकरी करीत होते. ती ३० सप्टेंबर २०२५ रोजी सोडली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून घरूनच खाद्यपदार्थांचा व्यवसाय सुरू केला. आधी दिवाळीचा फराळ, मग संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्या आणि आता बारसे, वाढदिवस अशा घरगुती समारंभांसाठी डबे, असे त्याचे स्वरूप आहे. कंपनी काढलेली नाही. सगळा व्यवहार माझ्या एकटीच्या नावावर आहे, म्हणजे इथे ज्याला सोल ट्रेडर म्हणतात ती मी.

एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत मला १३,२०० पौंड पगार मिळाला आणि पी४५ वर, म्हणजे नोकरी सोडताना मालक देतो त्या दाखल्यावर, कापलेला कर १,३८२ पौंड दिसतो. टॅक्स कोड, म्हणजे किती रक्कम करमुक्त धरायची ते मालकाला सांगणारा संकेत, १२५७एल असा होता. ऑक्टोबरपासून ५ एप्रिल २०२६ पर्यंत ६,८०० पौंडांची विक्री झाली. कच्चा माल, तेल, तूप आणि डबे-पिशव्या यांवर १,७२० पौंड गेले. व्यवसायासाठीच घेतलेला डीप फ्रीझर, मोठा मिक्सर आणि तळणीची भांडी यांचे ६५२ पौंड झाले, पण ही खरेदी सप्टेंबरमध्ये, म्हणजे पहिली ऑर्डर येण्यापूर्वी झाली होती. ऑर्डरी पोहोचवण्यासाठी घरची गाडी सुमारे ६०० मैल फिरली. घरातच काम करीत असल्यामुळे वीज आणि गॅस यांचा खर्चही वाढला, पण त्याची वेगळी मोजदाद माझ्याकडे नाही.

आता अडचण अशी की मला दोन परस्परविरोधी सल्ले मिळाले आहेत. एका परिचितांच्या मते नोकरी अर्ध्यावर सोडल्यामुळे उरलेल्या सहा महिन्यांचा पर्सनल अलाउन्स, म्हणजे करमुक्त रक्कम, बुडाला. उलट एका मैत्रिणीचे म्हणणे असे, की नोकरीचे १२,५७० वेगळे, धंद्याचे १२,५७० वेगळे आणि शिवाय नव्या व्यावसायिकाला १,००० पौंडांचा ट्रेडिंग अलाउन्स मिळतो, त्यामुळे २६,१४० पौंडांपर्यंत मला कर लागणारच नाही. यांतले खरे कोणते? यजमानांचा पगार ४६,००० पौंड आहे. मॅरेज अलाउन्सचा आम्हाला काही उपयोग होईल का? आणि पुण्याच्या बँकेत माझ्या नावावर ठेवी आहेत, त्यांचे व्याज वर्षाला साधारण ४०० पौंडांइतके येते. ते इथे दाखवावे लागते का?

---

हिशेबनीस_हॅरो

ताई, दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. पर्सनल अलाउन्स नोकरीला चिकटलेला नसतो, तसाच तो धंद्यालाही मिळत नाही. तो व्यक्तीला मिळतो आणि एका करवर्षासाठी, म्हणजे ६ एप्रिल ते पुढच्या ५ एप्रिलपर्यंत, एकदाच मिळतो. त्या वर्षात तुम्ही दोन नोकऱ्या केल्या, एक सोडून दुकान काढले किंवा सहा महिने घरी बसलात, तरी रक्कम तीच राहते. २०२१-२२ पासून ती १२,५७० पौंडांवर गोठवलेली आहे.

मग अर्धा बुडाल्याचा समज कुठून येतो? मालक पगारातून कर कापताना वर्षाचा अलाउन्स बारा हप्त्यांत वाटून देतो. तुमच्या टॅक्स कोडप्रमाणे दर महिन्याला सुमारे १,०४८ पौंडांवर कर लावला गेला नाही, म्हणजे सहा महिन्यांत जवळपास ६,२९० पौंडच करमुक्त धरले गेले आणि उरलेल्या ६,९१० पौंडांवर २० टक्क्यांनी १,३८२ पौंड कापले गेले. पी४५ वरचा आकडा बरोबर तोच आहे. उरलेले ६,२८० पौंड कुठेही गेलेले नाहीत. ते वर्षअखेरीच्या हिशेबात तुमच्या नावावर जमा धरले जातील.

आता ट्रेडिंग अलाउन्सविषयी, कारण खरा घोटाळा तिथेच होतो. एप्रिल २०१७ पासून लागू झालेली ही १,००० पौंडांची सवलत पर्सनल अलाउन्सच्या डोक्यावर ठेवलेली भर नव्हे. ती खर्चाऐवजी मिळते. विक्रीतून एकतर प्रत्यक्ष झालेला खर्च वजा करायचा किंवा पावत्यांच्या भानगडीत न पडता सरसकट १,००० वजा करायचे. दोन्ही एकाच वर्षी करता येत नाही. एकूण विक्रीच, नफा नव्हे, १,००० पौंडांच्या आत असेल तर बहुतेकांना त्या उत्पन्नासाठी नोंदणीही करावी लागत नाही. तुमची विक्री त्याच्या पुष्कळ पुढे गेली आहे आणि खर्चही हजाराहून अधिक आहे, म्हणून तुमच्यासाठी या अलाउन्सचा मार्ग तोट्याचा ठरेल.

खर्च मोजू. कच्चा माल आणि वेष्टन १,७२० पौंड. फ्रीझर, मिक्सर वगैरे ६५२. ही खरेदी आधीची असली तरी चिंता नको, कारण धंदा सुरू होण्यापूर्वीच्या सात वर्षांत केलेला आणि एरवी मान्य झाला असता असा खर्च धंद्याच्या पहिल्या दिवशी केला असे मानले जाते. २०२४-२५ पासून सोल ट्रेडरला रोखीची पद्धत, म्हणजे पैसे प्रत्यक्ष आले-गेले तेव्हा नोंद, हीच मूळ पद्धत म्हणून लागू आहे आणि तिच्यात अशी साधने थेट खर्चात धरता येतात. मोटारगाडी मात्र नाही. फ्रीझरमध्ये घरचे मटार आणि खोबरेही राहत असेल, तर तेवढा वाटा प्रामाणिकपणे वगळावा. आणि पूर्वी कोल्हापूरहून आणलेला चकलीचा सोऱ्या खर्चात घालण्याचा मोह टाळावा.

गाडीसाठी पहिल्या १०,००० मैलांना मैलामागे ४५ पेन्सचा ठरावीक दर आहे. ६०० मैलांचे २७० पौंड झाले. हा दर घेतला की पेट्रोल, विमा आणि दुरुस्ती वेगळी लावता येत नाही. घराच्या वापरासाठीही ठरावीक दर आहेत: महिन्याला २५ ते ५० तास काम असेल तर १० पौंड, ५१ ते १०० तासांना १८ आणि १०१ तासांपासून पुढे २६. तुमचे काम मधल्या टप्प्यात बसते असे धरले तर सहा महिन्यांचे १०८ पौंड होतात. खरे सांगायचे तर स्वयंपाकाच्या धंद्यात गॅस-विजेचा प्रत्यक्ष वाटा यापेक्षा बराच अधिक निघतो, म्हणून या वर्षापासून मीटरचे आकडे टिपायला लागा. योग्य प्रमाणात विभागलेला प्रत्यक्ष खर्चही मान्य होतो.

एकूण खर्च २,७५० पौंड आणि नफा ४,०५० पौंड. पगारासह वर्षाचे उत्पन्न १७,२५०. त्यातून १२,५७० वजा केल्यावर ४,६८० पौंड करपात्र राहतात आणि त्यांवर २० टक्क्यांनी कर ९३६ पौंड होतो. तुमचे १,३८२ आधीच कापले गेले आहेत, म्हणजे धंद्याचा नफा धरूनही ४४६ पौंड तुम्हालाच परत मिळायला हवेत. खर्चाऐवजी ट्रेडिंग अलाउन्स घेतला असता तर नफा ५,८०० धरला गेला असता आणि कर ३५० पौंडांनी वाढला असता.

मॅरेज अलाउन्समध्ये एक जोडीदार आपल्या पर्सनल अलाउन्समधले १,२६० पौंड दुसऱ्याला देतो आणि घेणारा मूळ २० टक्क्यांच्या दरात असेल तर त्याचा २५२ पौंडांपर्यंत कर वाचतो. यजमान त्या दरात बसतात, पण या वर्षी तुमचा स्वतःचाच अलाउन्स पूर्ण वापरला गेला आहे. पुढे एखाद्या वर्षी तुमचे एकूण उत्पन्न ११,३१० पौंडांच्या आत राहिले तर मात्र तो जरूर घ्यावा, कारण तेव्हा तुमचा न वापरलेला भाग त्यांच्या कामी येईल. चार वर्षे मागे जाऊनही हा दावा करता येतो.

---

ग्लासगोकर

वरचे उत्तर अचूक आहे. फक्त स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी एवढेच लिहितो, की पर्सनल अलाउन्स आणि ट्रेडिंग अलाउन्स आम्हालाही तेच आहेत, पण त्यापुढचे दर एडिनबरोची संसद ठरवते. १९ टक्क्यांपासून सुरू होणारे अधिक टप्पे असल्यामुळे वरची उदाहरणे इथे जशीच्या तशी लागू करू नयेत. नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सरकारी पेन्शन वगैरेंसाठीची वर्गणी, मात्र सगळीकडे सारखाच आहे.

---

तबलजी_रेडिंग

मूळ प्रश्नाला जोडूनच विचारतो. माझी पूर्णवेळ नोकरी आहे, पगार ३८,००० पौंड. रविवारी मुलांना तबला शिकवतो, त्याचे गेल्या वर्षी ९४० पौंड मिळाले, आणि अधूनमधून कागदपत्रांचे मराठी-इंग्रजी भाषांतर करून देतो, त्याचे ३०० झाले. दोन्ही रकमा हजाराच्या आतच असल्यामुळे मला काही कळवायचे नाही, बरोबर?

---

हिशेबनीस_हॅरो

तबलजी, ट्रेडिंग अलाउन्ससुद्धा व्यक्तीमागे एकच आहे; धंद्यागणिक वेगळा मिळत नाही. तुमची दोन्ही मिळून आवक १,२४० पौंड होते, म्हणून ती कळवावी लागेल. हजार वजा जाता २४० उरतात आणि त्यांवर २० टक्क्यांनी ४८ पौंड कर होतो, कारण तुमचा पर्सनल अलाउन्स पगारातच संपलेला आहे. तबल्याची शाई, वादी, पुडी आणि भाषांतराचा किरकोळ खर्च मिळून हजाराच्या जवळपासही जाणार नाही असे गृहीत धरतो. तसे असेल तर तुमच्यासाठी सरसकट हजारच फायद्याचे. आवकीची नोंद मात्र ठेवावीच लागते.

सरकारने मार्च २०२५ मध्ये, अशा उत्पन्नासाठी सेल्फ असेसमेंटचे, म्हणजे करदात्याने स्वतः भरायचे, विवरणपत्र भरण्याची मर्यादा या संसदेच्या मुदतीत ३,००० पौंडांपर्यंत नेण्याचे जाहीर केले आहे. ‘आता तीन हजार करमुक्त झाले’ असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला, तो चुकीचा आहे. अलाउन्स १,००० पौंडांचाच राहणार. बदल होईल तो कर कळवण्याच्या पद्धतीत.

---

फराळवाली_लेस्टर

हिशेबनीस दादा, इतक्या सविस्तर उत्तरासाठी आभारी आहे. ४४६ पौंड परत मिळतील हे वाचून बरे वाटले, पण त्यावरूनच पुढची शंका येते. यजमानांना एकदा नोकरी बदलल्यावर कर विभागाकडून आपोआप पत्र येऊन पैसे परत मिळाले होते. मलाही तसेच पत्र येईल, की मी स्वतः काही करायला हवे? आणि नॅशनल इन्शुरन्सबद्दल आपण काही लिहिले नाही. नफ्यातून तोही भरायचा असेल तर कितीपासून?

---

क्रॉयडन_छायाचित्रकार

ताई, या आपोआप येणाऱ्या पत्रापासूनच सावध राहा. करवर्ष संपल्यावर एचएमआरसी, म्हणजे इथला कर विभाग, केवळ पगाराच्या नोंदी पाहून हिशेब करते आणि ज्यांचा कर अधिक कापला गेला त्यांना पी८०० नावाचे पत्र पाठवते. तुम्ही व्यवसाय नोंदवला नसेल तर त्यांच्या दृष्टीने तुमचे वर्षाचे उत्पन्न १३,२०० पौंड एवढेच आहे, त्यावरचा कर १२६ पौंड होतो आणि त्या हिशेबाने तुम्हाला १,२५६ पौंड परत देऊ केले जातील. ते स्वीकारले की नंतर विवरणपत्र भरताना त्यातले ८१० पौंड परत द्यावे लागतील, कारण ४,०५० पौंडांच्या नफ्यावरचा २० टक्के कर नेमका तेवढाच आहे. तोवर ते पैसे सुट्टीवर खर्च झालेले असतात. सेल्फ असेसमेंटसाठी वेळेत नोंदणी केली की पगार आणि धंदा यांचा एकत्रित हिशेब तिथेच होतो. आणि असा परतावा आधीच मिळाला असेल तर तो दाखवण्यासाठी विवरणपत्रात रकाना असतो, तो रिकामा सोडू नये.

नोंदणीची शेवटची तारीख, धंदा ज्या करवर्षात सुरू झाला ते संपल्यानंतरची ५ ऑक्टोबर असते. तुमच्या बाबतीत ५ ऑक्टोबर २०२६. त्यानंतर दहा आकडी यूटीआर, म्हणजे करदात्याचा स्वतःचा क्रमांक, येतो. ऑनलाइन विवरणपत्र भरण्याची मुदत ३१ जानेवारी २०२७ आहे, पण तुम्हाला पैसे परत मिळायचे असल्यामुळे जानेवारीपर्यंत थांबण्यात काहीच अर्थ नाही. मुदत चुकली तर देणे शून्य असले तरी १०० पौंडांचा दंड लागतो. हिशेबाची कागदपत्रे त्या ३१ जानेवारीनंतर आणखी पाच वर्षे, म्हणजे २०३२ च्या जानेवारीअखेरपर्यंत, जपून ठेवावी लागतील.

नॅशनल इन्शुरन्सचा हिशेब पूर्ण वेगळा चालतो आणि इथे तुमच्या मैत्रिणीच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे. स्वयंरोजगाराच्या नफ्यावर त्याचा क्लास ४ हा प्रकार लागतो. एप्रिल २०२४ पासून त्याचा दर १२,५७० ते ५०,२७० पौंडांच्या नफ्यावर ६ टक्के आणि त्यापुढे २ टक्के आहे. आकडा पर्सनल अलाउन्सइतकाच असला तरी ही मर्यादा फक्त धंद्याच्या नफ्याला लावतात. पगार त्यात मिळवत नाहीत. म्हणून पगाराने तुमचा पर्सनल अलाउन्स संपवला असला तरी क्लास ४ साठी ४,०५० पौंडांचा नफा मर्यादेच्या खालीच आहे आणि तो शून्य येतो.

क्लास २ आता कोणावर सक्तीचा नाही. २०२५-२६ मध्ये नफा ६,८४५ पौंड किंवा अधिक असेल तर तो न भरताही भरल्यासारखा धरतात आणि ते वर्ष सरकारी पेन्शनसाठी मोजले जाते. त्याहून कमी नफा असेल तर आठवड्याला ३ पौंड ५० पेन्स देऊन तो ऐच्छिक भरता येतो. तुमचा नफा कमी असला तरी या वर्षी तो भरू नये असे मला वाटते, कारण पेन्शनसाठी वर्ष पात्र ठरायला ६,५०० पौंडांची कमाई लागते आणि तुमचा सहा महिन्यांचा पगारच त्याच्या दुप्पट आहे. पुढच्या वर्षी पगार नसेल आणि नफाही मर्यादेखाली राहिला तर मात्र हे पैसे अवश्य भरा. पूर्ण पेन्शनला ३५ वर्षे लागतात, आणि क्लास २ न घेता तीच पोकळी क्लास ३ या ऐच्छिक वर्गणीने भरायला गेलात तर २०२५-२६ च्या दराने आठवड्याला १७ पौंड ७५ पेन्स पडतात.

---

पुणे_ते_मिल्टन_कीन्स

व्याजाचा प्रश्न कोणी घेतला नाही, म्हणून लिहितो.

ब्रिटनमध्ये कराच्या दृष्टीने निवासी असलेल्या व्यक्तीला जगभरचे उत्पन्न दाखवावे लागते. आपल्याकडे सर्वांत खोल रुजलेला समज असा, की एनआरई, म्हणजे परदेशातली कमाई भारतात ठेवण्याच्या, खात्यावरचे व्याज करमुक्त आहे. ते भारतात करमुक्त आहे. ब्रिटनला त्या सवलतीशी काही देणेघेणे नाही. एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्याच कमाईच्या, खात्याच्या व्याजावर भारतात मुळातून कर कापला जातो, पण तेवढ्याने इथली जबाबदारी संपत नाही.

ताईंचे व्याज ४०० पौंड आहे आणि त्या मूळ दराच्या करदात्या आहेत, म्हणून त्यांना १,००० पौंडांचा पर्सनल सेव्हिंग्ज अलाउन्स लागू होतो. इथल्या बचतीचे व्याज धरूनही रक्कम हजाराच्या आत असेल तर त्यावर कर शून्य, पण विवरणपत्र भरायचेच आहे तर ते त्यात दाखवावे. एनआरओवर भारतात कापलेल्या कराची वजावट इथे मागायची म्हटले, तर इथे त्या व्याजावर करच नसल्यामुळे वजा करण्यासारखे काही उरत नाही. भारत-ब्रिटन करारानुसार व्याजावर भारतातला कर सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांपर्यंतच लावता येतो, त्यासाठी एचएमआरसीकडून निवासाचा दाखला घेऊन तो तिकडच्या बँकेकडे द्यावा लागतो. ४०० पौंडांसाठी हा खटाटोप करायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

नुकतेच इथे आलेल्यांसाठी एक सूचना देतो. जुनी रेमिटन्स पद्धत, म्हणजे परदेशातले उत्पन्न इथे आणले तरच त्यावर कर, ६ एप्रिल २०२५ पासून बंद झाली. तिच्या जागी, आधीची सलग दहा वर्षे ब्रिटनचे निवासी नसलेल्या व्यक्तीला पहिली चार वर्षे परदेशातील उत्पन्नावर सूट मागता येते. ऐकायला छान वाटते, पण ज्या वर्षी ही सूट मागाल त्या वर्षी पर्सनल अलाउन्स जातो. भारतातले चारशे पौंड वाचवण्यासाठी इथले १२,५७० पौंड करपात्र करून घेणारे लोक मला भेटले आहेत. छोट्या धंद्यावर जगणाऱ्या माणसाने, भारतातले उत्पन्न फार मोठे नसेल तर, त्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक. स्किल्ड वर्कर व्हिसाच्या मुख्य धारकाला हौसेखातर असा सोल ट्रेडरचा धंदा सहसा काढता येत नाही, विद्यार्थ्यांना तर मुळीच नाही. जोडीदार म्हणून आश्रित व्हिसावर आलेल्यांना मात्र तशी मुभा असते. ताईंचा प्रश्न तो नाही, पण त्यांचे पाहून कोणी उत्साहाने फराळ विकायला लागेल म्हणून लिहिले.

---

फराळवाली_लेस्टर

आम्ही इथे कायमचे स्थायिक आहोत, त्यामुळे व्हिसाची अडचण नाही. नोंदणी आजच करते. शेवटचे विचारते. २०२६-२७ मध्ये मी पूर्ण वर्ष फक्त व्यवसाय करणार आहे आणि आतापर्यंतच्या ऑर्डरी पाहता नफा १९,००० पौंडांच्या आसपास जाईल असे दिसते. मालक कर कापणार नाही, मग बाजूला किती ठेवावे?

---

क्रॉयडन_छायाचित्रकार

आता तुमचा सगळा पर्सनल अलाउन्स धंद्याच्याच नफ्याला मिळेल. १९,००० मधून १२,५७० गेले की ६,४३० पौंड उरतात. त्यांवर २० टक्के आयकर १,२८६ पौंड आणि ६ टक्के क्लास ४ सुमारे ३८६ पौंड, मिळून १,६७२ पौंड. म्हणजे १२,५७० पौंडांच्या पुढच्या प्रत्येक पौंडामागे २६ पेन्स तुमचे नाहीत असे समजून चाला.

पण नव्या लोकांना धक्का बसतो तो या रकमेचा नव्हे, तिच्या वेळापत्रकाचा. वर्षाचे देणे १,००० पौंडांहून अधिक असेल आणि त्यातले ८० टक्के मुळातच कापले गेलेले नसतील, तर पुढच्या वर्षासाठी आगाऊ हप्ते भरावे लागतात आणि प्रत्येक हप्ता मागच्या देण्याच्या निम्मा असतो. २०२५-२६ मध्ये तुम्हाला पैसे परतच मिळत असल्यामुळे ३१ जानेवारी २०२७ रोजी काहीच भरायचे नाही आणि त्यामुळे माणूस गाफील राहतो. मग ३१ जानेवारी २०२८ रोजी २०२६-२७ चे १,६७२ पौंड आणि २०२७-२८ चा पहिला हप्ता ८३६ पौंड, असे २,५०८ पौंड एकदम मागितले जातात आणि ३१ जुलैला आणखी ८३६. व्यवसाय मंदावला असेल तर एसए३०३ अर्जाने हे हप्ते कमी करून घेता येतात, मात्र अंदाज फार कमी धरला आणि नफा वाढला तर फरकावर व्याज लागते.

माझ्या मते पहिल्या वर्षभर तरी मिळालेल्या नफ्याचा, विक्रीचा नव्हे, पाचवा हिस्सा वेगळ्या बचत खात्यात टाकावा. १९,००० पौंडांवर तो ३,८०० पौंड होतो, म्हणजे जानेवारीचे २,५०८ आणि जुलैचे ८३६ दोन्ही त्यातून भागतील आणि साडेचारशेच्या आसपास रक्कम हाताशी उरेल.

---

हिशेबनीस_हॅरो

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. एकच भर घालतो. एप्रिल २०२६ पासून मेकिंग टॅक्स डिजिटल ही तिमाही नोंदींची पद्धत ५०,००० पौंडांहून अधिक आवक असलेल्यांना सक्तीची झाली आहे. एप्रिल २०२७ पासून ती मर्यादा ३०,००० आणि एप्रिल २०२८ पासून २०,००० पौंडांवर येणार आहे. ही मर्यादा खर्च वजा करण्यापूर्वीच्या आवकीवर मोजतात, अलाउन्सशी तिचा संबंध नाही. ताई, तुमचा नफा १९,००० अपेक्षित आहे म्हणजे विक्री २०,००० च्या वर नक्कीच जाईल आणि कदाचित ३०,००० लाही टेकेल. म्हणून वहीत ठेवलेला हिशेब आतापासूनच एखाद्या मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरमध्ये उतरवायला लागा आणि घरखर्चाचा किराणा व धंद्याचा किराणा यांची बिले दुकानातच वेगळी करून घ्या. एकाच बिलात दोन्ही आले की प्रमाण ठरवत बसावे लागते, आणि घरी खाल्लेल्या बेसनाचा खर्च धंद्यात धरता येत नाही.